आंदण कोणाचं, गंज कोणाकडे

॥ श्री ॥

भिलाई, सेक्टर सात
(अजून तरी)

तीर्थरूप शामसुंदरदादांच्या चरणी प्रशांतचा गुडघे वाकतील तेवढा नमस्कार. (डावा वाकतो. उजव्याचा मनोमन मानून घ्यावा.)

इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो, खरं काय ते पुढे येईलच. तुमचा मोतीबिंदू पिकला की अजून कच्चाच आहे? पिकला असल्यास हे पत्र वहिनींकडून वाचून घेऊ नये, कच्चा असल्यास स्वतः भिंग लावून वाचावं, पण एकट्यानंच. वहिनींच्या मानेचा पट्टा सुटला का? पट्टा लागल्यापासून त्यांना मान हलवून नाही म्हणता येत नाही आणि त्याचा फायदा घेऊन तुम्ही चहा जास्तीचा पिऊन राहिले असं इकडे कळलं आहे. आपल्या भगिनींना हे ऐकून वाईट वाटलं. मला हेवा वाटला.

आता फोन सोडून पत्र का, असं तुम्ही म्हणाल. त्याचं असं आहे की क्वार्टर लहान आणि तुमच्या बहिणीचे, वसुंधरेचे, कान मोठे. ती न्हाणीत असताना मी व्हरांड्यात कोणाशी फोनवर बोललो तर ती आतूनच माझी चूक दुरुस्त करते. तेव्हा जे लिहायचं ते कागदावरच बरं. शिवाय प्रश्न विद्वत्तेचा आहे, आणि तुम्ही पुलगावच्या शाळेत हयात घालवून पोरांना मराठी शिकवलं आहे. मला फक्त एका शब्दाचा अर्थ आणि त्याचं मूळ कळवावं. बाकी काही मागणं नाही. शब्द आहे आंदण.

हा शब्द घरात कसा शिरला ते सांगतो. मी निवृत्त झालो त्याला आता वर्ष होत आलं. क्वार्टरमध्ये राहायची जी मुदत मिळाली होती ती या महिनाअखेर संपते, आणि बोरसीचा फ्लॅट रंग लावून कधीचा तयार आहे. (तिसरा मजला. लिफ्ट आहे. खिडकीतून दुसऱ्याच्या खिडकीतला टीव्ही फुकट दिसतो.) जायला मी कधीही तयार. माझं काय, दोन शर्ट, एक चष्मा, उठलो की निघालो. मी एवढंच म्हणत होतो की जाण्यापूर्वी पेरूला नीट आळं करून द्यावं, फाटकाची कडी घट्ट करावी, मागच्या नळाचं वायसर बदलावं, म्हणजे पुढच्या माणसाची गैरसोय नको. यात माणसाचा जीव अडकला आहे असं कोणी म्हणेल तर तो त्याच्या नजरेचा दोष. अडून बसल्या आहेत त्या आपल्या भगिनी.

झालं असं की रायपूरहून सुजय आणि सूनबाई सामान बांधायला आले. प्रांजली मोठी व्यवस्थित मुलगी. तिनं खोके मांडले, मार्कर घेतला आणि प्रत्येक खोक्यावर किचन, बेडरूम, पूजा असं लिहीत सुटली. मग वसुंधरेनं कोपऱ्यात एक वेगळा खोका ओढला आणि यावर आंदण लिही म्हणाली. सूनबाईंचा हात थांबला. तिनं विचारलं, आई, आंदण मतलब? पर्सनल सामान? वसुंधरा म्हणाली, हो, तसंच काहीसं. मी म्हणालो, नाही, तसं मुळीच नाही. इथून जे सुरू झालं ते अजून संपलेलं नाही.

माझं म्हणणं साधं होतं. आंदण म्हणजे लग्नात मुलीकडच्यांनी दिलेली चीजवस्तू. भांडीकुंडी, पलंग, गादी वगैरे. आता दिलेली कोणाला, तर अर्थात जावयाला, कारण वाहून कोणी नेली? दादा, तुम्हाला आठवत असेल, तुम्ही आमच्या लग्नात जो पितळी गंज दिला (इथे त्याला गंज म्हटलं की लोकांना लोखंडावरचा गंज वाटतो, पातेलं म्हणावं लागतं, पण पातेलं म्हटल्यावर त्याची थोरवी कळत नाही) तो पंचवीस माणसांचं वरण शिजेल एवढा होता. पुलगावहून दुर्गला पॅसेंजरने येताना तो कोणत्याही बाकाखाली मावेना. शेवटी मी मांडीवर घेऊन बसलो. वसुंधरेनं खिडकी घेतली. गोंदियाला एक बाई चढली, तिनं इकडेतिकडे पाहिलं आणि आपलं लेकरू बिनदिक्कत माझ्या गंजात बसवलं. ते राजनांदगावपर्यंत तिथेच झोपलं. नव्या संसाराचे पहिले तास मी असे परक्याचं लेकरू आणि सासरचा गंज छातीशी धरून काढले. तिकीट तपासनीस आला, म्हणाला सामान किसका है, तर तेव्हा वसुंधरेनं खिडकीबाहेर पाहिलं. मेरा है म्हणणारा मी. मग आज ते माझं का नाही?

यावर वसुंधरेचं एकच उत्तर, की भांड्यावर नाव कोणाचं ते वाचा. आणि नाव तर तुम्ही स्वतः कासारापुढे उभं राहून घालून घेतलं होतं. चि. सौ. कां. वसुंधरा हिस आंदण, शामसुंदर. खाली लग्नाची तारीख. माझं नाव कुठेही नाही, झाकणावरसुद्धा नाही. (याबद्दल मी आजवर तुम्हाला काही बोललो नाही. आताही बोलत नाही.)

आमचा आवाज ऐकून वरच्या मजल्यावरच्या साहूबाई खाली आल्या. त्यांनी दोन्ही बाजू ऐकून घेतल्या आणि हमर इहाँ तो एला टिकावन कहिथें, असं सांगून आणखी एक शब्द आमच्या भांडणात टाकून गेल्या. मग मी मराठी मंडळातल्या परागसाहेबांना फोन लावला. ते मंडळाचे माजी चिटणीस, त्यामुळे त्यांना न येणारा विषय नाही. ते म्हणाले, आंदण शब्द आनंदावरूनच आला असणार, कारण बाप ते आनंदानं देतो. आता मी सासऱ्यांचा त्या दिवशीचा चेहरा पाहिलेला आहे, मला ही व्युत्पत्ती काही पटली नाही. मग ते म्हणाले की त्यांच्या वडिलांच्या एका जुन्या कोशात कानडीतल्या पालखीच्या शब्दाशी नातं जोडल्याचं त्यांनी वाचल्यासारखं वाटतं, पण त्या पानाला कसर लागली आहे. पालखी मला जवळची वाटली, कारण वाहून नेणारा त्यात नक्की असतो. पूर्वी म्हणे आंदणात मुलीसोबत एखादी दासीही धाडत, तिला आंदणी म्हणत. हे मी ऐकलं आणि एकदम उजेड पडला, की आमच्या लग्नात ते काम कोणाकडे आलं. दादा, यातलं खरं काय ते तुम्ही कळवावं. तुमचा निकाल येईपर्यंत सूनबाईंनी खोक्यावर नुसतं प्रश्नचिन्ह काढून ठेवलं आहे.

अर्थाचा वाद राहिला बाजूला, खरी पंचाईत पुढेच आहे. वसुंधरेनं कमरेला पदर खोचला आणि सांगितलं, "माहं आंदण अगोदर एका जागी आणा. मंग पाहू बोरसीचं." मी म्हटलं, त्यात काय, माळ्यावर आहे, आत्ता काढतो. स्टुलावर चढून एकेक भांडं खाली दिलं आणि सूनबाई नावं वाचू लागली. पहिल्या डब्यावर सिंधुताई. पाणी भरायच्या एका गुंडावर मराठी महिला मंडळ. मग एक पितळी बालदी, तिच्यावरची अक्षरं जिलबीसारखी गोल, ती तेलुगू की मल्याळी यावर सुजय मोबाईल लावून बसला. एका झाऱ्यावर तर नुसतं ‘परत करावा’ एवढंच कोरलेलं होतं, कोणाला ते नव्हतं. अख्खा माळा रिकामा झाला तेव्हा वसुंधरेच्या नावाची एक परात तेवढी निघाली. बाकी सगळा भिलाईचा संसार आमच्या माळ्यावर आणि आमचा संसार भिलाईत.

तुम्ही म्हणाल हे काय घर आहे की चोरबाजार. पण दादा, यात चोरी कोणाचीच नाही, सगळी सज्जनपणाची कमाई आहे. आपल्यात रिकामं भांडं परत देत नाहीत, हे मी तुम्हाला काय सांगावं. सिंधुताईंनी कधीतरी डब्यातून पुरणपोळ्या पाठवल्या. पोळ्या त्याच दिवशी संपल्या. डबा घासून ठेवला, की आता आपण काही चांगलंचुंगलं करू तेव्हा त्यात घालून देऊ. मग वसुंधरेनं अनारसे केले ते फसले, फसलेले कसे द्यायचे? दिवाळी गेली, संक्रांत गेली. मध्ये आपल्याला सांबारवडी द्यायची होती (सांबार म्हणजे आपली कोथिंबीर, हे इथल्या दक्षिणी शेजाऱ्यांना समजावता समजावता माझी नोकरी संपली) तर सिंधुताईंचा डबा लहान पडला म्हणून आपल्या गुंडाच्या झाकणात दिली. झालं, झाकण गेलं. आता तिकडे त्यांना ते रिकामं परत करता येईना. अशी प्रत्येक घरी प्रत्येक घराची भांडी चांगल्या पदार्थाची वाट पाहत बसली आहेत. जे लोक निवृत्त होऊन नागपूर-अमरावतीला गेले ते डोळ्यांत पाणी आणून गेले, आणि जाताना आमचं घंगाळही घेऊन गेले.

तरी मी ठरवलं की स्कूटरवर सगळी भांडी लादायची, ज्याची त्याला द्यायची, आपली आणायची, एका दुपारचं काम. पण वसुंधरा भांडं रिकामं देऊ देईना. अर्धं स्वयंपाकघर खोक्यात गेलेलं, तशात शेगडी मांडून तिनं शंकरपाळे तळले आणि एकेक भांडं भरून मला दाराबाहेर काढलं. मी म्हटलं, दोन दिवस थांबू, घाई काय आहे, मी जरा ते वायसर पाहतो. तर तिनं स्कूटरची किल्ली हातात दिली.

सिंधुताई आता बऱ्याच थकल्या आहेत, पण मला पाहून त्यांनी पाट मांडला. डबा ओळखला, शंकरपाळे ओतून घेतले, बराच वेळ जुन्या लोकांच्या गोष्टी झाल्या. (मलाही बसायला बरं वाटलं. किती दिवसांत मी कोणाकडे गेलो नव्हतो.) आमचं झाकण त्यांनी शोधून दिलं. मी उठलो, तर म्हणाल्या भाऊ, भरल्या हातानं आले, रिकाम्या हातानं कसे जाल, आणि लिंबाच्या लोणच्याची बरणी हातात दिली. शिवाय तोच डबा, त्यात शेजारणीनं दिलेली ठेठरी-खुरमी भरून. म्हणजे डबा परत आमच्याकडे, वर बरणी. परागसाहेबांकडे महिला मंडळाचा गुंड नेऊन दिला तर त्यांच्या मिसेसनी गोळाभात दिला, तो कुकरच्या भांड्यात, आणि वर कढी वेगळ्या किटलीत. ती जिलबीच्या अक्षरांची बालदी कोणाची ते शेवटी कळलं, ती बाई आंध्रातली निघाली आणि तिनं बालदी ठेवून घेऊन मला तेवढ्याच मापाचं पातेलं भरून काहीतरी तिखट दिलं, ते मी अजून ओळखू शकलो नाही. संध्याकाळी घरी आलो तेव्हा नेलेल्यापेक्षा आणलेलं सामान जास्त होतं. असं मी बरेच दिवस केलं. एकही दिवस भांडी कमी झाली नाहीत. सूनबाईंनी नवे खोके मागवले.

यात एक प्रकार घडला तो वसुंधरेला अर्धाच माहीत आहे. सिविक सेंटरहून वळून मी सेक्टर सहामधून येत होतो. मागे पोत्यात भांडी खणखणत होती. एका बाल्कनीतून हाक आली, ओ बर्तनवाले भैया. मी दुर्लक्ष केलं. परत हाक आली आणि पाठोपाठ वरून एक पँट माझ्या खांद्यावर पडली. मी स्कूटर थांबवली, वर पाहून शुद्ध हिंदीत सांगितलं की बहनजी, मैं ऑफिसमधून निवृत्त झालेला माणूस आहे. (घाईत निम्मं मराठीत गेलं.) तोवर त्या बाई खाली येऊन पोतं उपसत होत्या. त्यांना सिंधुताईंचा डबा पसंत पडला. मी म्हटलं, हा नाही देता येणार. त्या म्हणाल्या, पँट एकदम नई है भैया, बस कमर में छोटी हो गई. मी कापड पाहिलं. खरंच चांगलं होतं. दादा, आयुष्यभर खरेदी वसुंधरेनं केली, मला घासाघीस कधी करू दिली नाही. त्या दिवशी मी ती केली. डब्यावर पँट आणि वर एक स्वेटर घेतल्याशिवाय सोडलं नाही. घरी येईपर्यंत मला स्वतःचा मोठा अभिमान वाटत होता, फाटकाशी आल्यावर आठवलं की डबा आपला नव्हता. पँट मला छान बसते. सिंधुताईंकडे मी आता त्या रस्त्यानं जात नाही.

असं करता करता झाकणं आली, पितळी कोपर आलं, दोन वाट्या आल्या. गंज मात्र कुठेच नव्हता. वसुंधरा रोज विचारायची, गंज सापडला? मी नाही म्हटलं की खोक्याकडे पाहायची आणि दुसऱ्या दिवशीच्या शंकरपाळ्यांना पीठ भिजवायची. शेवटी परागसाहेबांच्या मिसेस म्हणाल्या की बुद्धपौर्णिमेची खीर मी भिलाई-तीनला एका मोठ्या पितळी गंजातून खाल्ली आहे, लहानू रामटेकेंच्या लेकीकडे, तुमचाच नसेल? लहानू तुम्हाला आठवत असेल. आमच्याच सेक्शनमध्ये होता, आमच्या मागच्या ओळीत राहायचा, आणि तुम्ही आला होता तेव्हा त्यानं तुम्हाला बुद्धिबळात हरवलं होतं. (तुम्ही म्हणाला होता की ऊन डोळ्यांवर येत होतं.) तो गेला त्याला बरीच वर्षं झाली. त्याची खुशबू आणि जावई राजदीप दोघं रेल्वेत आहेत, तिथेच क्वार्टर, आणि रुक्माबाई त्यांच्याजवळ राहतात.

मी गेलो तर रुक्माबाई दारातच भाजी निवडत बसल्या होत्या. चहा झाला, गुडघ्यांची चौकशी झाली, शंकरपाळे झाले. मग मी हळूच गंजाचा विषय काढला. खुशबूनं तो आतून आणला. दादा, तुमचा गंज. चकचकीत घासलेला. वसुंधरेचं नाव, तुमचं नाव, तारीख, सगळं जिथल्या तिथे. आणि त्याच्या खाली नवी ओळ, चि. खुशबू हिस आंदण, काकूकडून.

मी वाचतच राहिलो. रुक्माबाई म्हणाल्या, "कावून भाऊ, इसरले काय? आमचे हे गेले अन् पोरीचं लग्न अंगावर आलं, तवा वसुंधराबाईनं आपला गंज देल्ला. मी नको नको म्हणून राहिली होती. त्या म्हणाल्या, माह्या दादानं मले देल्ला, मी माह्या पोरीले देतो. तुमी तर पंगतीत बुंदी वाढून राहिले होते."

मला यातलं काही आठवत नव्हतं, पण पुरुषमाणसाला असलं आठवायचं काही कारण नसतं. मी बुंदीकडे लक्ष देत असणार. खुशबू गंज उचलून माझ्या स्कूटरकडे निघाली, म्हणाली काकूले पाहिजे तर घेऊन जा काका, आमचं काय, खीर दुसऱ्यात करू. दादा, मी जो कोणी असेन तो असेन, दिलेलं आंदण परत आणणारा नाही. मी तिला गंज आत ठेवायला लावला. रुक्माबाईंनी रिकाम्या हातानं जाऊ दिलं नाही हे सांगायला नकोच. (ॲल्युमिनियमचा डबा. बेसनाच्या वड्या.)

परत येताना मात्र स्कूटर हळू चालवली. तुमच्यापासून काय लपवायचं, मी घाबरलो. ज्या बाईला आमच्या लग्नात वहिनींच्या पातळाचा काठ कोणत्या रंगाचा होता ते आठवतं, जी मला मी विसरलेल्या माझ्या शपथा तारखेसह सांगते, ती स्वतःच्या हातानं दिलेला गंज विसरली? आणि विसरून तो घरभर शोधत बसली? आमच्या साहेबांच्या बायकोचं असंच सुरू झालं होतं, आधी चष्मा, मग गॅस, मग नवरा. मी घरी आलो, तिनं विचारलं सापडला का, मी नाही म्हणालो. तिनं माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं आणि वड्या कोणी दिल्या ते विचारलं. मी साहूबाई म्हणालो. साहूबाई मागेच उभ्या होत्या.

तेव्हापासून मला झोप नाही. तिला सांगावं तर आपण विसरलो हे कळून तिचं मन खचेल. न सांगावं तर ती गंज आल्याशिवाय क्वार्टर सोडणार नाही, आणि महिना तर संपत आला. क्वार्टर काही कोणी आम्हाला आंदण दिलेलं नाही. मी तिला काही झालं तर काय करू, हा विचार करत पेरूजवळ उभा असतो, पाणी घालून घालून तिथे आता तळं झालं आहे. असो. तुम्ही शब्दाचा अर्थ तेवढा सवडीनं कळवावा. वहिनींना नमस्कार, मानेला जपा म्हणावं. मुलांना आशीर्वाद, नातवाला माझ्यातर्फे एक टपली.

आपला आज्ञाधारक, आणि आंदण वाहून आणलेला,
प्रशांत

ता. क. अर्थ नाही कळवला तरी चालेल. खरं काम वेगळंच आहे. वर्ध्यात किंवा तुमच्या ओळखीच्या कासाराकडे तसाच दुसरा गंज मिळेल तर घ्यावा. त्यावर तीच अक्षरं, तीच तारीख घालून घ्यावी. डाव्या बाजूला नावाच्या खाली एक पोचा हवा, मूठभर आकाराचा, कारण दुर्ग स्टेशनवर उतरताना गंज माझ्या हातून पडला होता. पोचा तुम्ही स्वतः पाडावा, कासाराला कारण विचारायची सवय असते. नवी चकाकी जावी म्हणून वहिनींनी त्यात काही दिवस वरण शिजवावं आणि घासताना हयगय करावी. मग पोत्यात घालून गृहप्रवेशाला आणावा. जुन्या शेजाऱ्याकडे सापडला असं मी सांगेन, शेजारी कोण ते तोवर सुचेल. तुम्ही एकदा दिलंच आहे, आणखी एकदा द्या. यावेळीही माझं नाव नाही घातलं तरी चालेल.

ता. क. २. हे पत्र वाचून लगेच फाडावं. वसुंधरेच्या हाती ते पडता कामा नये. पाकिटाला डिंक लावून मी स्वतः पेटीत टाकणार आहे.

ता. क. ३. दादा, मी वसू. डिंक मी कालच खोक्यात बांधला. हे डिंक शोधायला एकेक खोका उघडत बसले आहेत आणि पत्र इकडे परातीत पडलं होतं, ते वाचलं.

गंज मी खुशबूला दिला ते मला पक्कं आठवतं. तिच्या नावाची ओळ मीच पावर हाऊसच्या बाजारात बसून घालून आणली. मी विसरले नाही, आणि ह्यांना माझ्या काळजीनं झोप नाही हे मात्र खोटं आहे, रात्रभर घोरतात. आंदणाचं मी मुद्दाम काढलं. वर्ष झालं, हे फाटकाच्या बाहेर पडत नव्हते. मी एक खोका बांधला की हे दोन उघडायचे. बोरसीचं नाव काढलं की पेरूला पाणी. म्हटलं भांड्यांच्या निमित्तानं तरी चार घरी जातील, चार माणसांशी बोलतील, आणि तेवढ्यात माझं सामान बांधून होईल. झालं बांधून. पँटचं मला पूर्ण माहीत आहे, त्या बाईंनी सिंधुताईंचं नाव वाचून डबा सिंधुताईंकडे पोचता केला.

गंज बिलकुल आणू नका, वहिनीच्या मानेचं आधीच दुखणं आहे. पण तुम्ही नक्की या, आणि गृहप्रवेशाला नाही, त्याच्या आधी, ट्रक येईल त्या सकाळी या. नव्या नवलाईच्या दिवसांत मला माहेरी न्यायला तुम्ही मुराळी होऊन यायचे, फाटकाशी उभे राहायचे आणि नुसतं चल म्हणायचे. तसंच म्हणा. फक्त यावेळी ह्यांना म्हणा. मला माहीत आहे ह्यांचं काय होणार आहे ते, माझ्यानं म्हणवत नाही.